अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन हळू वाढतंय? नागपुरातल्या आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

हे पान पूर्ण दिवसांच्या, फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांच्या पहिल्या दोन महिन्यांसाठी आहे. ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा जन्मतः दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचे आकडे वेगळे असतात. त्यांच्या बाबतीत नवजात विभागाने लिहून दिलेला तक्ताच पाळा.

आधी हे सांगा, दवाखान्यात लगेच कधी न्यायचं?

यापैकी एकही गोष्ट दिसली तर पुढचं वाचत बसू नका, निघा. बाळ पाजायला उठवूनही उठत नाही किंवा ओढायचंच थांबलंय. तिसऱ्या दिवसानंतर सलग आठ तासांत एकदाही शू नाही. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त आहे, किंवा ३५.५ पेक्षा कमी आहे. शांत असताना मोजलेले श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त आहेत, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली, किंवा पुढे कधीही तळहात-तळपाय पिवळे झाले. टाळू खोल गेलीय, झटके आले, हिरवी उलटी झाली.

गाडीची सोय नसेल तर १०८ किंवा १०२ लावा. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला वर्षाचं होईपर्यंत उपचार, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत मिळते.

जन्माला आलं तेव्हा २,८०० ग्रॅम होतं, सुट्टी मिळाली तेव्हा २,६१० भरलं. दवाखान्यात उपाशी ठेवलं का?

नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. अंगातलं जास्तीचं पाणी शूवाटे जातं, काळी शी बाहेर पडते आणि चिकाचं दूध मोजक्या चमच्यांइतकंच येत असतं. तेवढंच त्या पोटाला पुरतं. साधारण ५ ते ७ टक्के घट नेहमीची. सिझेरियनच्या वेळी आईला बऱ्याच बाटल्या सलाइन लागलं असेल तर तेच पाणी बाळाच्याही अंगात गेलेलं असतं, म्हणून अशा बाळांची घट थोडी जास्त दिसते.

तुमच्या बाळाची घट १९० ग्रॅमची, म्हणजे ६.८ टक्के. चिंतेची रेघ १० टक्क्यांवर आहे, या बाळासाठी २,५२० ग्रॅमवर. तिथे पोहोचलं तर ‘बघू दोन दिवस’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांनी बाळ आणि पाजणं दोन्ही बघायला हवं. घट १० टक्क्यांच्या आत असली तरी पाचव्या दिवसानंतर वजन उतरतच राहिलं तर तेही दाखवायचंच.

मग रोज किती वाढायला हवं?

चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिवसाला २० ते ३० ग्रॅम, आठवड्याला दीडशे ते दोनशे. जन्माचं वजन १० ते १४ दिवसांत परत यावं. तीन महिन्यांनंतर हा वेग आपोआप मंदावतो.

इथे एक हिशेब नेहमी चुकतो. वरचं बाळ चौदाव्या दिवशी २,८४० ग्रॅम भरलं असं धरा. घरात लगेच गणित होतं, ‘चौदा दिवसांत फक्त चाळीस ग्रॅम!’ पण मोजणी सर्वांत कमी वजनापासून करायची असते. तिसऱ्या दिवशीच्या २,६१० पासून धरलं तर अकरा दिवसांत २३० ग्रॅम, म्हणजे रोज जवळपास २१. बाळ ठीक चाललंय. हा एक हिशेब चुकल्यामुळे कितीतरी घरांत पावडरचा डबा विनाकारण येतो.

उलट, दोन आठवडे झाले तरी जन्माचं वजन आलं नाही, किंवा पुढे रोजची वाढ २० ग्रॅमच्या खाली राहिली, तर ती हळू वाढ. खालची बरीचशी उत्तरं त्यासाठीच आहेत.

दवाखान्यात एक, क्लिनिकमध्ये दुसरं, अंगणवाडीत तिसरं. खरं वजन कोणतं?

तीन काट्यांवरची तीन वजनं एकमेकांशी ताडून बघणं सोडा. वाढ मोजायची तर काटा एकच हवा. तो डिजिटल, पाच किंवा दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा, सपाट कडक जमिनीवर ठेवलेला असावा. काही ठिकाणी अजून झोळीचा स्प्रिंगचा काटा असतो. त्यावरची एक रेघ १०० ग्रॅमची, म्हणजे बाळाची चार दिवसांची कमाई त्या एका रेघेत लपते. महिन्याच्या नोंदीला तो चालतो, पाच दिवसांत वाढलं का हे बघायला नाही.

बाळ पूर्ण उघडं, लंगोटही काढलेला. ओला लंगोट, झबलं, टोपी, मोजे मिळून दोनशे ग्रॅम सहज होतात. काट्यावर आधी कापड पसरा, शून्य करा, मग बाळ ठेवा. शक्यतो सकाळी, पाजण्याआधी. पोटभर प्यायल्यावर मोजलेलं आणि भली मोठी शी झाल्यावर मोजलेलं वजन यात शंभरेक ग्रॅमचा फरक पडू शकतो, म्हणून रोज मोजू नका. जन्म, सुट्टीचा दिवस, पाचवा ते सातवा दिवस, चौदावा दिवस आणि मग लसीच्या वेळा, म्हणजे ६, १० आणि १४ आठवडे, हे बहुतेकांना पुरतं. वाढ हळू असेल तर डॉक्टर तीन-चार दिवसांनी बोलावतील. स्वतः बाळाला घेऊन मोठ्यांच्या काट्यावर उभं राहायचं आणि वजाबाकी करायची, हा प्रकार इतक्या लहान बाळासाठी कामाचा नाही. तो काटाच शंभर-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो.

काट्याशिवाय कळेल का, दूध पुरतंय की नाही?

कळतं. लंगोट बघा. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा, फिकट आणि वास नसलेली. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचे डाग दिसले तर घाबरू नका, ते लघवीतल्या युरेट नावाच्या क्षाराचे बारीक कण असतात. चौथ्या दिवसानंतरही दिसले तर दूध कमी पोहोचतंय असं समजा.

शी पहिले दोन दिवस काळी चिकट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट, पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार. पहिल्या महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा तरी व्हावी. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दाखवा. चार-सहा आठवड्यांनंतर काही बाळं चार-पाच दिवस शी करत नाहीत. वजन वाढतंय, पोट मऊ आहे, शू होते, तर ते चालतं. मात्र दहा दिवसांच्या बाळाने तीन दिवस शी केली नाही तर ‘आईचं दूध सगळं पचतं’ म्हणून सोडून देऊ नका.

डायपर वापरत असाल तर शू मोजणं अवघड होतं. पहिले दोन आठवडे सुती लंगोटच बरे. डायपरच हवा असेल तर कोरड्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात घेऊन बघा. चांगली शू झालेला डायपर साधारण तेवढा जड लागतो.

बाळ तास-तासभर छातीलाच असतं, तरी वजन नाही. असं कसं?

छातीला असणं आणि दूध पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळू वाढीचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे उथळ पकड: बाळ फक्त बोंडी तोंडात धरतं. दूध बोंडीत साठत नाही, भोवतालच्या काळ्या भागाच्या मागे असलेल्या ग्रंथींतून येतं, आणि तो भाग तोंडात गेल्याशिवाय जबडा दाब देऊ शकत नाही. मग बाळ चोखत राहतं, थकतं, झोपतं, वीस मिनिटांनी परत रडतं. आईच्या बोंडीला भेगा पडतात आणि घरातले म्हणतात दूध नाही.

पकड अशी बसवा. पाठ टेकून बसा, मांडीवर उशी घ्या, पुढे वाकू नका. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून पिणं बाळालाही जड जातं. पहिल्या आठवड्यांत उलट्या हाताची पकड सोपी पडते: डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेला आधार देणारी. डोकं पुढे ढकलायचं नाही, ढकललं की बाळ मागे ताठ होतं. मोकळ्या हाताने स्तन खालून इंग्रजी ‘यू’च्या आकारात धरा, बोटं काळ्या भागापासून दूर.

बाळाचं नाक बोंडीसमोर आणा. वरच्या ओठाला बोंडी लावा आणि थांबा. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं की बाळाला पटकन छातीकडे आणा, हनुवटी आधी टेकवून. छाती बाळाकडे नेऊ नका. बरोबर बसलेल्या पकडीत हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, तोंड मोठं उघडं, आणि काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतरही दुखत असेल तर सहन करत बसू नका. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. दहा वेळा लागली तरी चालेल. पिऊन झाल्यावर बोंडी चपटी, तिरकी किंवा पांढरी पडलेली दिसली तर पकड उथळच होती.

आता गिळणं ऐका. सुरुवातीला भराभर चोखतं, पान्हा फुटला की लय बदलते: हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते, ‘क’ असा हलका आवाज येतो. ते गिळणं. पाच-दहा मिनिटं असं गिळणं झालं तर दूध गेलं. गालाला खळगे पडत असतील, चटचट आवाज येत असेल तर हवा जातेय.

टाके दुखत असतील तर बाळाचे पाय मागे जाऊ देत ते काखेत धरा, किंवा कुशीवर झोपून पाजा. पकडीचे नियम तेच.

किती वेळा पाजायचं? आमचं बाळ फार शहाणं आहे, चार-चार तास झोपतं.

पहिल्या महिन्यात रडत नाही म्हणून ‘शहाणं’ ठरलेल्या बाळावर जास्त लक्ष ठेवा. कमी दूध मिळालेलं बाळ शक्ती वाचवायला झोपतं, झोपल्यामुळे आणखी कमी पितं. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. जन्माचं वजन परत येईपर्यंत दिवसा दोन-अडीच तासांवर आणि रात्री तीन तासांवर उठवायचंच. रात्रीचं पाजणं टाळू नका. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं.

उठवायला कपडे सैल करा, लंगोट बदला, तळवे चोळा, उघड्या छातीवर उभं धरा. पिता पिता झोपलं तर स्तन हाताने हळूच दाबून धरा. दूध तोंडात आलं की बाळ परत गिळायला लागतं. त्यानेही नाही झालं तर ढेकर काढून दुसऱ्या बाजूला लावा. एक बाजू मऊ होईपर्यंत पाजून मगच दुसरी द्यायची. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून बाजू बदलली की सुरुवातीचं पातळ दूधच पोटात जातं, शेवटचं स्निग्ध दूध राहून जातं. मग शी हिरवी फेसाळ होते आणि वजन रेंगाळतं.

मालिशवाल्या बाईंची वेळही बघा. तेल, कोमट पाणी, शेक झाला की बाळ तीन-चार तास गाढ झोपतं आणि एक पाजणं बुडतं. अंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी पाजा आणि अंघोळ झाल्या झाल्या परत पाजा. मालिश जरूर करा, पण तेल मुरून वजन वाढत नाही.

‘दूधच कमी आहे हिला,’ असं सासूबाई म्हणतात. खरंच कमी आहे हे कसं ओळखायचं?

ज्या खुणांवरून हे ठरवलं जातं त्यांतल्या बहुतेक कामाच्या नाहीत. छाती मऊ लागते? दोन-तीन आठवड्यांत मागणी-पुरवठा जुळला की लागतेच. पंपाने अर्धी वाटीच निघाली? पंप बाळाइतकं काढू शकत नाही. संध्याकाळी बाळ सतत मागतं? संध्याकाळच्या वेळी लागोपाठ पिणं बहुतेक बाळं करतात, आणि दोन-तीन आठवड्यांच्या व सहा आठवड्यांच्या सुमारास दोन-तीन दिवस भूक वाढते. वजन आणि शू-शी हेच खरे पुरावे.

दूध किती बनणार हे किती बाहेर निघतं त्यावर ठरतं. बाहेर न पडलेलं दूध स्तनाला ‘आता थांब’ असा निरोप देतं. म्हणून वरच्या दुधाचा एक चमचा गेला की छातीवरचं एक पाजणं कमी होतं, आणि आठवड्याभरात सासूबाईंचं म्हणणं खरं होतं.

खरोखर कमी दूध बनण्याची कारणंही असतात: बाळंतपणात जास्त रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, थायरॉइड, स्तनावर आधी झालेली शस्त्रक्रिया, काही जणींमध्ये पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकं बिघडवणारा त्रास), क्वचित स्तनातल्या ग्रंथीच कमी असणं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत छाती भरल्याचं जाणवलंच नाही तर आईची तपासणी करा. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या दोन साध्या रक्तचाचण्यांपासून सुरुवात होते.

दूध वाढायला काय खावं? आणि संत्री खरंच बंद करायची?

स्तनदा आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे साधारण एक जेवण. दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, भाजी, दही एवढ्यात ते होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू खा, पण आई खंगू नये म्हणून. त्यांनी दूध वाढतं असा भक्कम पुरावा नाही. शतावरीचंही तेच. मेथी जास्त झाली तर रक्तातली साखर उतरू शकते. डोमपेरिडोनची गोळी मैत्रिणीला लागू पडली म्हणून दुकानातून आणू नका. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची.

संत्र्याच्या शहरात बाळंतिणीला संत्रं नाही, ‘बाळाला सर्दी होईल’ म्हणून. होत नाही. खा. पाणी, ताक, पालेभाजी, वांगं, कांदा, काही बंद करायची गरज नाही. ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हा सल्ला तर नागपूरच्या एप्रिलमध्ये धोक्याचाच. पाजायला बसताना शेजारी तांब्या ठेवा.

मे महिन्यात ४५ अंश असतं. दोन चमचे पाणी तरी द्यायचं का?

नाही. सहा महिन्यांपर्यंत पाण्याचा थेंबही नको. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. पाण्याने इवलं पोट भरतं आणि तेवढं दूध कमी जातं. शिवाय बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं आणि जंतुसंसर्गाची भीती वेगळी. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवा, दोनाऐवजी दीड तासावर लावा. बाळ थोडं थोडं वारंवार पिईल, तहान भागेल. पाणी आईने प्यावं.

खोली २५ ते २८ अंशांत ठेवता आली तर उत्तम. कूलर चालतो, पण झोत थेट अंगावर नको, खिडकी थोडी उघडी हवी, टाकीतलं पाणी वरचेवर बदला. एक सुती झबलं पुरे. उन्हाळ्यातही टोपी-मोजे-दुपट्यात गुंडाळलेलं बाळ तापतं, मलूल होतं, कमी पितं. कपडे सैल करा, पाजा, पण काखेतलं तापमान ३७.५ किंवा जास्त भरलं, किंवा बाळ मलूल आहे, तर तो ताप उन्हाचा समजू नका. दवाखाना गाठा.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो आणि थंड पडलेलं बाळ दुधातली शक्ती ऊब टिकवण्यातच खर्च करतं. पाय पोटापेक्षा गार लागले तर उघड्या छातीवर कांगारूसारखं धरून वरून पांघरूण घ्या. २,५०० ग्रॅमपेक्षा लहान बाळांना याचा फायदा सर्वांत जास्त होतो.

गुटी, मध, ग्राइप वॉटर?

तिन्ही नको. मधातून बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा होऊ शकते, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. गुटी उगाळण्याच्या सहाणेवरून आणि पाण्यातून जंतू जातात, आणि काही मात्रांमध्ये शिसं सापडलेलं आहे. फक्त व्हिटॅमिन डीचे थेंब द्यायचे असतात, रोज ४०० युनिट. बाटलीवर एका मिलीलिटरमध्ये किती युनिट ते वाचा: कुठे ४००, कुठे ८०० असतात.

बाळ पिवळं दिसतं आणि वजनही नाही. कोवळ्या उन्हात ठेवू?

उन्हाने कावीळ बरी होत नाही, आणि उन्हाळ्यात सकाळी आठलाही बाळ भाजतं. कमी दूध गेलं की शी कमी होते, शीबरोबर बाहेर पडणारं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, अंगात राहतं, बाळ आणखी सुस्त होतं. म्हणजे वजनाची आणि काविळीची गाठ एकच असते: पाजणं वाढवा आणि बिलिरुबिन तपासून घ्या. दूध तोडायला सांगितलं तर दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांचं मत घ्या.

वरचं दूध कधी द्यावंच लागतं? आणि किती?

घट १० टक्क्यांवर गेली, रक्तातली साखर कमी आली, अंगातलं पाणी कमी झालंय, किंवा पकड सुधारून तीन-चार दिवस झाले तरी वाढ नाही, अशा वेळी बाळाला जास्तीचं दूध हवंच. तेव्हा तत्त्वासाठी अडून बसणं चूक. बाळाचं पोट आधी भरायचं.

क्रम असा: आधी आईचं स्वतःचं काढलेलं दूध, ते नाही तर दूधपेढीतलं पाश्चरीकृत दूध, तेही नाही तर फॉर्म्युला. आशियातली पहिली मातृदूधपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. आता बऱ्याच मोठ्या नवजात विभागांची अशा पेढीशी सोय असते, विचारून घ्या. गाई-म्हशीचं दूध, पाणी घालूनही, वर्षाच्या आत नको.

पहिल्या आठवड्यानंतर बाळाची दिवसभराची गरज किलोमागे साधारण १५० मिली. तीन किलोच्या बाळाला ४५० मिली, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी ५५ च्या आसपास. पण ही एकूण गरज आहे. त्यातला मोठा भाग बाळ छातीवरच पितं, म्हणून भर सहसा पाजल्यानंतर १५ ते ३० मिलीने सुरू होते आणि वजन बघून डॉक्टर ती बदलतात. द्यायचं बोंडल्याने, किंवा वाटी-चमच्याने, बाळाला उभट धरून. बाटलीत ओढावं लागत नाही, मग काही बाळं छातीवर कुरकुरतात. बोंडलं रोज पाच-दहा मिनिटं उकळा.

पावडर देताना डब्यावरचं माप तंतोतंत पाळा, चमचा सपाट. डबा पुरवायला पातळ केलेली पावडर हे वजन न वाढण्याचं कारण अनेकदा निघतं. घट्ट केली तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं. पाणी उकळून थोडंच निवलेलं, ७० अंशांखाली न गेलेलं, आणि मग देताना कोमट. उरलेलं फेकायचं.

प्रत्येक पाजण्याची साखळी अशी: दोन्ही बाजूंना मिळून वीस-तीस मिनिटं छातीवर, मग भर, आणि त्याच वेळी आईने दहा-पंधरा मिनिटं दूध काढायचं. भर द्यायचं काम बाबा किंवा आजींकडे द्या. आई एकटीने तिन्ही करेल तर चौथ्या दिवशी कोसळेल. ही साखळी काही दिवसांसाठीच असते. वजन धरलं की भर एकदम बंद न करता दर दोन-तीन दिवसांनी थोडी कमी करा.

हाताने दूध काढायचं कसं, ठेवायचं कुठे?

हात साबणाने धुवा, कोमट ओलं फडकं दोन मिनिटं छातीवर धरा. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, बोंडीपासून सुमारे तीन सेंटिमीटर मागे. आधी बरगड्यांकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे, मग सोडा. कातडीवर बोटं घासायची नाहीत, बोंडी पिळायची नाही. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येणार नाही, थांबू नका. धार मंदावली की बोटांची जागा फिरवा, मग दुसरी बाजू. पूर्ण व्हायला वीस ते तीस मिनिटं.

झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवा, वेळ लिहा. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात ही मुदत विसरा, लगेच फ्रिजच्या मागच्या कप्प्यात. दारातल्या कप्प्यात नको. फ्रिजमध्ये २४ तासांत संपवा. गरम पाण्याच्या वाडग्यात भांडं ठेवून कोमट करा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर आलेली साय हलवून मिसळा, काढून टाकू नका: वजन त्यातच आहे.

बाळालाच काही आजार असेल तर?

पकड चांगली, गिळणं ऐकू येतं, दूध भरपूर, आणि तरी वजन नाही, तेव्हा हा प्रश्न विचारायचा. पिताना कपाळाला घाम, धाप, दर मिनिटाला थांबणं यावरून हृदय तपासतात. काहीच लक्षण नसताना वजन अडलं तर लघवीची तपासणी, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग लहान बाळात मुकाट असतो. सुस्ती, बद्धकोष्ठ, लांबलेली कावीळ असेल तर थायरॉइड. प्रत्येक पाजण्यानंतर जोरात फेकलेली उलटी तीन ते सहा आठवड्यांच्या बाळात आली तर सोनोग्राफी.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, म्हणून ‘त्यामुळे वजन नाही ना?’ असं हमखास विचारलं जातं. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते संरक्षण देतं. त्रास बहुधा पाच-सहा महिन्यांनंतर दिसू लागतो. आई-बाबांपैकी कोणी वाहक असेल तर बाळाची तपासणी जरूर करा, पण तीन आठवड्यांच्या बाळाच्या हळू वाढीचं कारण दुसरीकडे शोधा.

जीभ चिकटलेली आहे, कापावी का?

जिभेखालचा पडदा दिसणं पुरेसं नाही. जीभ खालच्या हिरडीपुढे येत नाही, आईला पकड सुधारूनही दुखतं आणि वजन अडलंय, असं तिन्ही असेल तर कापून फायदा होतो. काम मिनिटाभराचं असतं, लगेच पाजायला लावतात.

गर्भनिरोधक गोळीने दूध आटतं का?

इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने कमी होऊ शकतं. माला-एन त्यातलीच, पहिले सहा महिने टाळा. छाया गोळी आणि तांबी चालते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. गेल्या काही दिवसांत अचानक दूध घटलं असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट आठवणीने सांगा.

जाऊबाईंचं बाळ महिन्यात पाच किलो. आमचं साडेतीनच.

महिन्याच्या मुलीचं मधलं वजन ४.२ किलो आणि मुलाचं ४.५ किलो. पण मुलगी ३.२ आणि मुलगा ३.४ किलोपर्यंतही साधारण पट्ट्यातच मोडतात. माता-बाल संरक्षण कार्डावरचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांचा आहे. तो आईच्या दुधावरच्या बाळांवरून बनवलाय आणि त्यांत भारतातलीही बाळं होती. बाळ कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा ते स्वतःच्या रेषेला समांतर चालतंय का ते बघा. २,५०० वर जन्मलेलं बाळ आणि ३,४०० वर जन्मलेलं बाळ महिन्यात एकाच जागी पोहोचणार नाहीत.

नागपुरात दाखवायचं कुठे?

प्रसूती झाली तिथला बालरोगतज्ज्ञ पहिला, कारण जन्माच्या नोंदी तिथे असतात. सरकारीत मेडिकल, मेयो, डागा स्मृती आणि मिहानचं एम्स इथे नवजात बाळांची सोय आहे. आशाताई रुग्णालयात झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन वजन करतात. आल्या नाहीत तर जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलींचं नाव नेमकं इथेच सुटतं: यादी सासरच्या पत्त्यावर असते.

जाताना कार्ड, सगळ्या वजनांच्या तारखा आणि मागच्या २४ तासांतल्या पाजण्याच्या, शू-शीच्या वेळा कागदावर न्या. आणि बाळ भुकेलं असताना पोहोचा, म्हणजे डॉक्टरांना किंवा सिस्टरला पाजताना बघता येईल. पाजणं न बघताच पावडर लिहून दिली तर ‘आधी एकदा बघता का?’ एवढं म्हणायला संकोचू नका.

सगळं सुरू केलं. फरक किती दिवसांत दिसावा?

शू एक-दोन दिवसांत वाढते, शी त्यापाठोपाठ. आईचं दुखणं योग्य पकडीनंतर पहिल्याच दिवशी कमी वाटायला हवं, भेगा भरायला आठवडा लागतो. वजन तीन-चार दिवसांनी त्याच काट्यावर बघा: साठ-सत्तर ग्रॅमच्या वर गेलं तर योजना तशीच चालू ठेवा आणि पुढचं वजन आठवड्याने. जागीच असेल किंवा उतरलं असेल तर पुढच्या आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.